राजाची तिजोरी आणि बाईची मूठ

आज आम्ही बोलतोय कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून. तालुक्याहून एस.टी.नं आलात की स्टँडच्या आसपासचा हाच भाग. छत्रपती शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांनी ही व्यापारपेठ वसवली. आपल्या मळ्यातला गूळ गाड्यांवर लादून इथंच यायचा. म्हणजे या पेठेच्या पायात आपल्या आज्या-पणज्यांचाही घाम आहे. म्हणून आज आपण देण्याविषयी बोलू. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पाण्यासाठी, रानासाठी कोणी काय दिलं आणि त्याचं पुढं काय झालं?

आधी राजाचं देणं बघू. खेड्यातल्या पोरानं शिकायचं म्हटलं, तर शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा पहिला प्रश्न. महाराजांनी तिथूनच सुरुवात केली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दरबारानं जागा दिल्या, इमारती दिल्या, वर्षासनं दिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. १९१७ साली तर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत धाडलं नाही, तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड! त्या काळी तो रुपया जड होता.

बायकांच्या वाट्याला काय आलं? डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम करायच्या. तेच आजचं सीपीआर. पुढच्या वैद्यकीय शिक्षणासाठी दरबारानं त्यांना परदेशी पाठवलं. बाळंतपणात बाई दगावणं हे नशीबच मानायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका बाईच्या शिक्षणावर झालेला खर्च किती घरांच्या कामी आला असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

पाण्याचंही तसंच. भोगावती नदीवर महाराजांनी धरण बांधायला घेतलं. लेकीच्या नावावरून गावाला राधानगरी नाव दिलं आणि राणीसाहेबांच्या नावावरून तलावाला लक्ष्मी तलाव. १९२२ साली महाराज वारले, तेव्हा काम अपुरं होतं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. धरणाच्या वरचं दाजीपूरचं रान मुळात राजाच्या शिकारीसाठी राखलेलं. तिथं १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. २०१२ साली राधानगरीचं जंगल पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. शिकारीसाठी राखलं म्हणून रान वाचलं, हे खरं. पण त्या रानातल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायांना सरपणाची आणि गव्यांनी तुडवलेल्या पिकाची काळजी आजही आहे, हेही खरंच. रान राखायचं त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारायला आपण कचरू नये.

आता दुसरं देणं. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर विटाळ फिटायला अंघोळ कर म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सुटलं. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह चालवलं.

त्या पंगतीचा स्वयंपाक बघायच्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या पोरांची आई झाली. पोरांच्या पोटासाठी त्यांनी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. रयतेच्या शाळा गावोगाव झाल्या, पण त्या बघायला त्या नव्हत्या.

आणि तिसरं देणं, मुष्टिफंडाचं. दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना घरातल्या बाईनं एक मूठ शाळेसाठी बाजूला ठेवायची. गाडगं भरलं की ते धान्य वसतिगृहात जायचं. गोव्यात पणजीला तर मुष्टिफंड याच नावाची शिक्षणसंस्था आहे. राजाचं नाव पाटीवर येतं, मंगळसूत्राची गोष्ट पुस्तकात येते. मूठ देणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठंच नाही. शिवाय तिनं दिलेल्या धान्यावर बहुतेक मुलगेच शिकले. तिची स्वतःची लेक कितीदा घरीच राहिली.

म्हणून मैत्रिणींनो, आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राजाची तिजोरी भरायची ती रयतेच्या साऱ्यातून. तेव्हा सरकारी शाळा, दवाखाना, धरण ही कुणाची मेहरबानी समजू नका. तिथं हक्कानं प्रश्न विचारा. दुसरं म्हणजे, आपल्या गटात दर महिन्याला बचत जमते. देवळाला, उरुसाला वर्गणी द्यायची वेळ आली की आपण पुढं असतो. त्यातली एक मूठ गावातल्या एखाद्या मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवता येईल का? आणि ठेवलीत, तर देणारीचं नाव वहीत लिहा. शंभर वर्षांपूर्वी जे राहून गेलं, ते निदान आपल्या वहीत तरी राहू नये.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा.