वस्त्रनिगा

वस्त्रनिगा म्हणजे धुणे, वाळवणे, इस्त्री करणे आणि साठवणे या कामांत कापडाच्या तंतूला कमीत कमी इजा होईल अशी घेतलेली काळजी. घरोघरी ती दोन गोष्टी पाहून घेतली जाते : रंग आणि किंमत. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. भारी साडी ड्रायक्लीनला, रोजचे कपडे मशीनला. रंग उतरू नये एवढ्यापुरते हे ठीक आहे, पण कपडा टिकावा यासाठी दोन्ही कसोट्या अपुऱ्या पडतात. कपड्याचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : धागा कशाचा आहे, आणि तो ओला असताना त्याला कसे वागवले जाते. अंगावर असताना कपडा झिजतोच, पण मोठा मार बसतो तो धुताना. वॉशिंग मशीनच्या जाळीत दर धुण्याला जमणारा कापूस बहुतांशी कपड्यांतूनच सुटलेला असतो.

सुती कापड सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतिज. भिजल्यावर ते कमजोर होत नाही. उलट त्याची ताकद 10 ते 20 टक्क्यांनी वाढते, आणि सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ ते सहज सोसते. धोब्याची भट्टी, दगडावरचे आपटणे, कडक ऊन हे सारे सुती कापडाने पिढ्यान्‌पिढ्या सहन केले ते याच गुणांमुळे. आम्लापुढे मात्र ते टिकत नाही. रेशीम आणि लोकर यांचे बरोबर उलट आहे. ही प्रथिने आहेत : रेशमात फायब्रॉइन, लोकरीत केराटिन. ती ओली झाली की कमजोर होतात. सौम्य आम्ल त्यांना चालते, अल्क हळूहळू खातो, आणि क्लोरीनचा ब्लीच तर प्रत्यक्ष विरघळवतो. आपल्याकडचे बहुतेक साबण आणि पावडरी अल्कधर्मी असतात. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या निरमाने स्वस्त पावडर घराघरांत नेली. अशा पावडरींत धुण्याचा सोडा भरपूर असतो. सुती धुण्याला त्याने काही बिघडत नाही, रेशमाला तो मारक ठरतो. एन्झाइमयुक्त पावडरीचे गणित आणखी सरळ आहे. रक्त, दूध, घाम यांचे डाग काढणारे प्रोटिएझ प्रथिने पचवते. रेशमी साडीही प्रथिनच. डाग कुठला आणि साडी कुठली हा भेद त्या एन्झाइमला कळत नाही. रेशमासाठी रिठ्याचे पाणी वापरण्याची जुनी रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे, कारण रिठ्यातील सॅपोनिन फेस देते, पण सोड्यासारखा तीव्र अल्क त्यात नसतो.

लोकरीचे आणखी एक वेगळेपण आहे. तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घुसळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. हा बदल मागे फिरवता येत नाही. नुसत्या गरम पाण्यापेक्षा चोळणे आणि पिळणे इथे अधिक नडते. म्हणून लोकरीचा कपडा थंड पाण्यात हलकेच दाबून धुवावा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढावे आणि आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर स्वतःच्याच ओल्या वजनाने तो लांबतो.

धागा पाहून कपडा धुवावा या नियमावर पहिला आक्षेप असा, की रेयॉनही सेल्युलोजचाच, मग कुर्ती दोन-चार धुण्यांत का विरते? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे नियम अधिक नेमका होतो. रेयॉन बनवताना लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात आणतात. त्यात रेणूंच्या साखळ्या आखूड होतात आणि त्यांची रचना सैल पडते. पाण्यात अशा धाग्याची ताकद सुमारे निम्मी होते. तेव्हा घटकाइतकीच त्याची ठेवणही पाहावी लागते, आणि रेयॉनला सुती न समजता रेशमासारखे हळुवार हाताळावे लागते. पॉलिएस्टरला भिजल्याने फारसे काही होत नाही. मात्र ते तेल धरून ठेवते, म्हणून घामाचा वास जाता जात नाही; आणि फार गरम पाण्यात पडलेल्या चुण्या त्यात पक्क्या बसतात.

दुसरा आक्षेप आजीच्या काळाचा. तेव्हा एकाच वडीने सगळे धुतले जाई आणि लुगडी वर्षानुवर्षे टिकत, असे म्हटले जाते. पण तेव्हा रोजचे बहुतेक कपडे जाड सुती होते. रेशीम होते ते सोवळ्याच्या मुकट्यात किंवा सणासुदीच्या पैठणीत, आणि ते साबणाच्या वडीखाली क्वचितच येई. म्हणजे जुनी रीतही नकळत धागा पाहूनच चालत होती. तिसरा आक्षेप आरोग्याचा : धुण्याने कपडा झिजतो म्हणून कमी धुतले, तर स्वच्छतेचे काय? आतले कपडे, टॉवेल, चादरी बहुधा सुती असतात. हे सारे गरम पाण्यात रोज धुतले तरी हरकत नाही. एकदा तासभर घातलेली रेशमी साडी मात्र सावलीत वारा देऊन ठेवली की पुरते. घाम लागला असेल तर तेवढा भाग लगेच पाण्याने पुसावा. घामातील क्षार रेशमात राहिले तर ते धागा कुजवतात.

साठवणीतही हेच तत्त्व चालते. कसरीच्या अळ्या केराटिन पचवतात, म्हणून त्या शालींवर तुटून पडतात. खळ घातलेल्या सुती कपड्यांना झुरळे आणि चांदीकिडे लागतात, म्हणून लांब मुदतीसाठी ठेवायचे कपडे खळ न घालता ठेवावेत. पैठणीच्या जरीत चांदी असेल तर हवेतील गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते, आणि वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड त्या रेघेवर तुटते. मऊ सुती फडक्यात गुंडाळणे आणि दर काही महिन्यांनी घडी बदलणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहिलेल्या कपड्यांवर बुरशी हमखास चढते.

ड्रायक्लीनिंग पाण्याची अडचण टाळते, पण ते निर्धोक नव्हे. त्यात वापरले जाणारे परक्लोरोएथिलीन कर्करोगकारक असण्याचा संभव असलेल्या पदार्थांत मोडते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर 10 वर्षांत थांबवण्याचा नियम केला.

कपड्यावरील चिठ्ठीत धागा लिहिलेला असतो. ती नसेल तर शिवणीच्या आतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते. लोकर आणि खरे रेशीम केस जळल्यासारखा वास देतात आणि काळा भुगा उरतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. टेरिकॉटसारखे मिश्र कापड असेल, तर त्यातील सर्वांत नाजूक धाग्याचा नियम साऱ्या कपड्याला लावावा.