वसतिगृहातला रविवार

नाशिकच्या माणसाला गोदावरी म्हणायची सवय नसते. त्याच्या लेखी ती गंगाच. आमच्या वसतिगृहाचा रविवार या गंगेवरच उजाडत असे. एकोणीसशे साठच्या सुमाराची ही गोष्ट आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी खोल्या झाडून काढायच्या आणि ढेकणांनी भरलेल्या खाटा उन्हात टाकायच्या. रात्री सभा भरे. चिठ्ठी उचलायची आणि तीत जो विषय निघेल त्यावर पाच मिनिटे उभ्याने बोलायचे. पुढे ज्यांनी पुढारीपण केले आणि ज्यांनी वकिली केली, त्यांचे पाय पहिल्यांदा लटपटले ते याच सभेत!

रविवारी पहाटे मळक्या कपड्यांची बोचकी घेऊन आम्ही रांगेने गंगेवर जात असू. रामकुंडाच्या खालच्या अंगाला धुणे, डुंबणे, कपडे दगडांवर वाळत घालणे आणि मग पंचवटीत काळारामाचे दर्शन, हा क्रम ठरलेला असे. परतल्यावर पंक्तीत शिरा. दुपारी घरी पत्र लिहायचे आणि संध्याकाळी हुतूतू. महिन्यातून एखादा रविवार पांडवलेण्यांचा.

आम्हाला वाटे, रविवार हा पंचांगातच लिहून आलेला असतो. पण तोही कोणीतरी मिळवून दिला होता. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. वसतिगृहाचेही तसेच आहे. १८९६ साली कोल्हापुरात राजाराम कॉलेजाला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह निघाले, पण थोड्याच दिवसांत तेथे एकाच जातीचे विद्यार्थी उरले. तेव्हा शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली.

तो वारा नाशकात यायला उशीर लागला नाही. रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे या मंडळींनी १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम आरंभिले. पैशासाठी त्यांनी सत्यशोधकी जलसे गावोगाव नेले. उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला १९२० च्या एप्रिलमध्ये खुद्द शाहू महाराजांनी बसविली. देवळालीला १९२५ साली बार्न्स स्कूल आले आणि १९३७ साली डॉक्टर मुंज्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढले. एकाच शहराच्या आसपास किती तऱ्हांचे रविवार नांदत असतील! कोठे प्रार्थनेची घंटा, कोठे घोड्यांच्या टापा, कोठे आमच्यासारखी धुण्याची बोचकी.

वाचक म्हणेल, जातवार वसतिगृहांनी जात पक्कीच झाली असेल. हा आक्षेप खोटा नाही. पण ज्या मुलाला शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती आणि खाणावळीत पान मिळत नव्हते, त्याला आधी छप्पर हवे होते. एका पंक्तीचा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये करून दाखविला. आमचे वसतिगृह पुढच्या पिढीचे. तेथे सर्व जातींची मुले होती, पंगतही एकच होती, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

तरी एक गोष्ट आम्हाला दिसत असून दिसली नाही. आमच्यातला एक मुलगा काळारामाच्या दारापर्यंत येई आणि ओल्या कपड्यांपाशी बाहेरच बसे.

"चल की रे आत," मी एकदा म्हणालो.

"कपडे कुणी राखायचे?" तो हसून म्हणाला. मला ते पटले.

एका दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या गावी गेलो, तेव्हा त्याच्या आज्याने विचारले, "पोरा, रामाच्या देवळात जाता का रं तुमी?" मी हो म्हणालो. म्हातारा म्हणाला, "त्या दारात मी बसलेलो हाय." मग त्याने सारे सांगितले. २ मार्च १९३०, वार रविवार. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या धडाडीने त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक देवळावर गेली, दारे बंद झाली आणि माणसे दारांशी बसून राहिली. काही वर्षे हा लढा चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, तोही रविवारच, येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४७ च्या कायद्याने मुंबई राज्यातली देवळे उघडली आणि १९५६ साली या घराने बौद्ध धर्म घेतला.

"आता दार उघडं हाय," म्हातारा म्हणाला, "पर आमची वाट दुसरीकडं गेली."

सुटीनंतरच्या पहिल्या रविवारी मी देवळात गेलो नाही. दर्शनाचा राग आला होता असे नव्हे. माझी श्रद्धा होती तशीच होती. पण त्याने इतके दिवस आमचे कपडे राखले होते. एक दिवस तरी त्याच्याशेजारी बसावे, असे वाटले. तो काही बोलला नाही. थोडे सरकून त्याने मला सावलीत जागा करून दिली.

आमच्या वसतिगृहाच्या सभेत मी पुष्कळ विषयांवर बोललो. या विषयाची चिठ्ठी मात्र मला कधी आली नाही. ती आज उचलली.