चामोर्शीच्या उन्हा-पावसात कमी खर्चाची परसबाग कशी लावायची?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात साधारण 400 ग्रॅम भाज्या हव्यात, त्यातल्या 100 ग्रॅम पालेभाज्या. म्हणजे चौघांच्या घराला रोज 400 ग्रॅम पालेभाजी. उन्हाळ्यात ती महागते आणि मग ताटातून सगळ्यात आधी तीच जाते. घरामागची सांदवाडी इथेच कामी येते. 'उमेद' अभियानातल्या महिला बचत गटांनीही राज्यभर पोषण परसबागांवर भर दिला आहे.

माती कशी ओळखायची?

गडचिरोली जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो. कन्हार म्हणजे काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात. बर्डी म्हणजे मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. दोन्हींवर उपाय एकच, कुजलेलं शेणखत. कन्हार मातीत थोडं धानाचं तूसही मिसळा, ती भुसभुशीत होते.

वाफा 3 फूट रुंद आणि 6 ते 8 इंच उंच ठेवा. दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, आत पाय द्यावा लागत नाही आणि पावसाचं पाणी निघून जातं.

फुकटात काय मिळतं?

• धानाचं तणस: वाफ्यावर 2-3 इंच थर द्या. उन्हाळ्यात ओल टिकते, तणही कमी उगवतं.
• पालापाचोळा: जाळू नका. शेणकाल्यासोबत खड्ड्यात ओलसर ठेवला, की काही महिन्यांत खत होतं.
• फुटकी कवेलू: वाफ्यांच्या कडेला उभी लावा. माती वाहून जात नाही आणि बाग नीटनेटकी दिसते.
• नहाणीचं पाणी: केळी आणि पपईकडे वळवा. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका.

खर्च उरतो तो बियाणं आणि कुंपणाच्या बांबूंचा. कुंपणात काटकसर नको. मोकाट शेळी महिनाभराची मेहनत एका सकाळी संपवते.

कधी काय लावायचं?

जून-जुलै: भेंडी, चवळी, दोडके, कारले. वेलांना मांडव करा, खाली सावलीही मिळते.
ऑक्टोबर-नोव्हेंबर: पालक, मेथी, सांभार, मुळा, टमाटर. नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी. मेथी महिनाभरात कापणीला येते.
फेब्रुवारी: काकडी, ढेमसे, चवळी. एप्रिल-मे मध्ये पाणी संध्याकाळी द्या.

सगळी मेथी एकदम पेरू नका. दर 10-12 दिवसांनी थोडी थोडी पेरा, म्हणजे भाजी सलग मिळते. शेवगा उत्तरेच्या बाजूला लावा, नाहीतर हिवाळ्यात वाफ्यांवर सावली पडते.

बियाणं देशी की संकरित?

देशी वाणाचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं. संकरित वाणाचं बी ठेवलं तर पुढचं पीक तसंच येईल याची खात्री नसते. बजेट कमी असेल तर देशी घ्या. पाकिटावरची मुदत नक्की वाचा.

कीड पडली तर?

50 ग्रॅम निंबोळीची भुकटी 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारा. कीड ओळखता आली नाही, तर रोगट पान घेऊन सोनापूर, गडचिरोली इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवा.

हे विसरू नका

गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे. कुंड्यांखालच्या बशा, टायर, डबे यांत पाणी साचू देऊ नका. पाण्याची टाकी झाकून ठेवा. पालापाचोळ्याचा ढीग घराच्या भिंतीला लागून नको, तिथे साप-विंचू आसरा घेतात.

चौघांची सगळी भाजी एवढ्या बागेतून निघणार नाही. पण 10 बाय 20 फुटांचा तुकडा नीट सांभाळला, तर हंगामात पालेभाजीसाठी बाजारावर फार अवलंबून राहावं लागत नाही. पहिल्या वर्षी दोनच वाफे करा. ते जमले, की तिसरा.