न कुजणाऱ्या नौकेचें कुजणें

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर सागवानी होड्यांच्या शेजारीं आज फायबरच्या होड्याही ओढून ठेवलेल्या दिसतात. लांकूड कुजतें, लोखंड गंजतें, पण फायबरला कांहीं होत नाहीं, अशी समजूत आपणांकडे रूढ आहे. ही समजूत अमेरिकेंत कशी जन्मली, तेथेंच ती कशी खोटी ठरली, आणि साध्या गृहस्थांनीं घरामागच्या आवारांत बसून आपल्या नौका कशा वांचविल्या, एवढाच इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही मलबारी सागाची युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. अशा नौकांचा डेक, म्हणजे खलाशाच्या पायाखालची जमीन आणि कोठडीवरचें छप्पर, फळ्यांचा असे. फळ्यांमधील फटींत जुन्या दोरखंडांचे डांबरलेले तंतू ठोकून बसवीत आणि वर कढत डांबर ओतीत. डेक गळूं लागला कीं खालीं निजलेल्याच्या अंगावर थेंब पडे. दोष उघडा होता, म्हणून त्याची काळजीही नित्याची होती.

आतां नव्या द्रव्याकडे वळूं. १९३२ च्या सुमारास ओहायो संस्थानांत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक कांचेच्या विटा एकमेकींस जोडण्याचा प्रयोग करीत होता. हवेचा झोत वितळलेल्या कांचेवर बसला आणि कांचेचे रेशमासारखे धागे उडाले. या धाग्यांच्या व्यापारासाठीं १९३८ सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. या धाग्यांच्या कापडांत कृत्रिम राळ मुरविली कीं ती थिजून त्याचें कठीण कवच बनतें. १९४२ सालीं त्याच संस्थानांतील टोलेडो येथें रे ग्रीन यांनीं अशी एक होडी तयार केली. ती या जातीच्या पहिल्या होड्यांपैकीं समजली जाते.

परंतु सामान्य माणसाच्या दारांत ही नौका आणली ती ऱ्होड आयलंड संस्थानांतील क्लिंटन आणि एव्हरेट पीअर्सन या चुलतभावांनीं. कार्ल अल्बर्ग यांनीं आंखलेली ‘ट्रायटन’ नांवाची सुमारें २८ फुटी शिडाची नौका त्यांनीं १९५९ च्या न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांत मांडली. किंमत दहा हजार डॉलरांच्या आंत होती. पुढें अशा सातशेंच्या आसपास नौका निघाल्या. सुतार नको, कुजण्याची भीति नको, असा या नव्या युगाचा डौल होता.

तथापि या डेकाच्या पोटांत लांकूडच होतें, ही गोष्ट विकत घेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या ध्यानांत राहिली. कांचतंतूंचा एकच पातळ पत्रा पायाखालीं लवतो. जाड करावा तर नौका वरून जड होते. म्हणून दोन पातळ पापुद्र्यांमध्यें हलकें बाल्साचें लांकूड घालीत. जाडी वाढली कीं ताठपणा कितीतरी पटींनीं वाढतो. १९४० सालीं प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाच्या धडांतही हीच युक्ति वापरली होती. युक्ति उत्तम होती. घात केला तो भोकांनीं. कठड्याचे खांब, दोर बांधण्याचे खुंट, खिडक्या यांसाठीं डेकाला बोल्टांचीं अनेक भोकें पाडावीं लागतात. त्यांतील लुकण दहापंधरा वर्षांत सुकतें आणि पाणी आंत शिरतें. त्याला बाहेर पडण्यास वाट नसते. हिंवाळ्यांत तें गोठून फुगतें आणि पापुद्रा लांकडापासून सुटतो. वरून डेक चकचकीत, आंत काळा चिखल!

मग दुरुस्ती कशी करितात? प्रथम लहान हातोडीच्या मुठीनें डेकभर ठोकीत जातात. धड जागीं खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागीं भद्द. तेवढ्या भागाभोंवतीं खडूनें रेघ ओढून वरचाच पापुद्रा कापून उचलतात. ओलें लांकूड खरवडून काढतात आणि खालचा पापुद्रा पूर्ण वाळूं देतात. या वाळण्यांत ज्यानें उतावीळ केली त्याचें सारें काम फुकट गेलें असें समजावें. मग नवें बाल्सा इपॉक्सी राळेंत घट्ट बसवून पापुद्रा परत ठेवितात. सांध्याच्या दोन्ही कडा जाडीच्या सुमारें बारा पट रुंद उतरत्या घासून त्यावर कांचेच्या कापडाच्या पट्ट्या चढवितात. कांचेची धूळ फुप्फुसांस आणि राळ कातडीस अपायकारक असल्यामुळें तोंडावर मुखवटा व हातांत मोजे अवश्य लागतात.

ही इपॉक्सी राळ घरगुती कारागिराच्या हातीं देण्याचें बरेंचसें श्रेय मिशिगनमधील गूजन बंधूंस आहे. त्यांनीं १९६९ सालीं नौकाबांधणीचा धंदा सुरू केला आणि पुढें आपली राळ इतरांसही विकली. जुन्या थिजलेल्या पृष्ठभागास ती मूळच्या पॉलिएस्टर राळेपेक्षां अधिक घट्ट चिकटते. १९९१ सालीं डॉन केसी यांचें ‘धिस ओल्ड बोट’ हें पुस्तक निघालें आणि अल्प पगाराचा मनुष्यही टाकून दिलेली नौका घेऊन तिला उभी करूं लागला. जेम्स बाल्डविन यांनीं तर आपल्या जुन्या ट्रायटनमधून दोनदां पृथ्वीप्रदक्षिणा केली.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. जुनी लांकडी नौका अखेर मातीस मिळते. ही मिळत नाहीं. ती जाळली तर विषारी धूर होतो, पुरली तर तशीच राहते. तेव्हां तिचा डेक दुरुस्त करणें याचा अर्थ एक नौका वांचविणें आणि किनाऱ्यावरचा एक सांगाडा टाळणें, असा दुहेरी आहे.

शेवटीं एक बारीकशी रीत सांगतों. दुरुस्तीनंतर बोल्टाचें भोंक आधीं मोठें पाडतात, तें राळेनें भरून काढतात, आणि त्या थिजलेल्या राळेंतूनच पुन्हां लहान भोंक पाडतात, म्हणजे पाणी शिरलें तरी लांकडास शिवत नाहीं. मूळ बांधणाऱ्यांनीं दर भोंकामागें एवढी कांहीं मिनिटें खर्च केलीं असतीं, तर पुढच्या पिढीचे उन्हाळेच्या उन्हाळे वांचले असते. फळीच्या फटींत तंतू ठोकणाऱ्या गोदीच्या सुताराला हें सांगावें लागलें नसतें. द्रव्य नवें आलें म्हणून पाण्याचा जुना स्वभाव बदलत नाहीं, हें तो जाणून होता. आपल्या फायबरच्या होड्यांविषयींही एवढें ध्यानांत ठेवावें.