काजळीची शंभर वर्षे

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे मूळ काजळीत असल्याचे दाखवले. १७८८ मध्ये कायदा झाला. पण तपासणीची यंत्रणाच नसल्याने तो कागदावर राहिला. १८७५ मध्ये परवान्यांचे काम पोलिसांकडे आले, तेव्हा कुठे मुले धुराड्यांतून सुटली. ज्ञानापासून संरक्षणापर्यंत शंभर वर्षे!

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात त्वचेचा कर्करोग सक्तीने कळवावयाच्या रोगांत होता, पण कारखान्यापुरताच. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. आमच्या बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातला वाहतूक पोलीस तो पाळीभर श्वासात घेतो. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. प्रशासक म्हणून मला मात्र १७८८ चाच प्रश्न पडतो : तपासणार कोण?