तपासणीच्या भोकातून निघालेला उपचार

१९६० च्या दशकातली गोष्ट. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात झाक आर्लेट हे संधिवाततज्ज्ञ आणि पॉल फिकाट हे अस्थिशल्यविशारद एका कोड्याशी झगडत होते. रुग्ण जांघेत दुखतं म्हणून लंगडत येई, एक्स-रे मात्र स्वच्छ निघे. काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा, तर मांडीच्या हाडाचा गोल माथा दबलेला. तोवर हाड आतून मेलेलं असे.

एक्स-रेला दिसत नाही तर हाडाचाच तुकडा काढून पाहावा, असं दोघांनी ठरवलं. मांडीच्या बाजूने छोटा छेद घ्यायचा, पोकळ नळी हाडाच्या मानेतून थेट माथ्यापर्यंत न्यायची आणि आतला दंडगोल तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. ही होती निव्वळ तपासणी. या छिद्र-बायोप्सीवरचा त्यांचा लेख १९६४ साली आला. पण भोक पाडून घेतलेले रुग्ण सांगू लागले, की दुखणं कमी झालं. दिलासा द्यावा असा कुणाचा बेत नव्हता. आज ‘कोअर डीकम्प्रेशन’ नावाने जो उपचार ओळखला जातो, त्याचा जन्म असा बिनबोलावता झाला.

दुखणं का कमी झालं, याचा माग फिकाट यांनी दाबमापकाने काढला. हाड म्हणजे न ताणणारी बंद पेटी. स्टिरॉइड किंवा दारूमुळे आतल्या चरबीच्या पेशी फुगल्या, की त्यांना पसरायला जागा नसते. मग चेपल्या जातात त्या पातळ भिंतींच्या शिरा. रक्त बाहेर जाईना, म्हणून नवं आत येईना. हाडातला दाब ३० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला, की फिकाट तो रोगट मानत. भोकाने हा दाब उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला वाटही होते, हा त्यांचा युक्तिवाद. वाढलेला दाब हे रोगाचं कारण की परिणाम, यावर मात्र डॉक्टरांची भांडणं पुढे बराच काळ चालली.

हाड मेलं म्हणून लगेच ढासळत नाही, ही यातली खरी मेख. शरीर दुरुस्तीला लागतं, तेव्हा आधी मेलेलं हाड खाऊन टाकतं आणि मग नवं रचतं. या मधल्या काळात माथा पोकळ होतो आणि अंगाचं वजन पेलता पेलता कूर्चेखाली तडा जातो. एक्स-रेत तो चंद्रकोरीसारखा दिसतो आणि डॉक्टरही त्याला चंद्रकोरच म्हणतात. ती उगवली, की भोक पाडण्यात फारसा अर्थ उरत नाही. आजही आपल्याकडच्या रिपोर्टवर ‘फिकाट’ आणि पुढे आकडा असतो, तो याच प्रवासाचा टप्पा सांगतो.

१९८० च्या दशकात एमआरआय आला आणि भोकाविना रोग दिसू लागला. ज्या कामासाठी हे भोक जन्माला आलं होतं, ते कामच गेलं. भोक मात्र उपचार म्हणून उरलं. बाल्टिमोरच्या डेव्हिड हंगरफोर्ड यांनी ते अमेरिकेत रुजवलं. तिथल्याच मायकेल माँट यांनी २००४ मध्ये एका जाड भोकाऐवजी सुमारे ३ मिलिमीटरच्या पिनेने बारीक भोकं पाडण्याची रीत मांडली. छेद इवलासा, आणि हाड मोडण्याची भीतीही कमी.

त्याआधीच, १९९० पासून, पॅरिसजवळच्या क्रेतेई इथं फिलिप एर्निगू त्या भोकातून रुग्णाच्याच कमरेच्या हाडातली मज्जा दाट करून सोडत होते. २००२ साली त्यांनी ११६ रुग्णांच्या १८९ खुब्यांचा हिशेब दिला. माथा ढासळण्यापूर्वी ज्यांना ही मज्जा मिळाली, त्यांना उत्तम गुण आला होता. आज ‘स्टेम सेल’च्या जाहिरातींत हीच मज्जा सोन्याच्या भावाने विकली जाते, पण ‘ढासळण्यापूर्वी’ ही अट तिथं सहसा बारीक अक्षरातही सापडत नाही. चंद्रकोर उगवलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांवरच्या चाचणीत या मज्जेचा उपयोग झाला नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झालं आहे. भोकाचंही सगळंच गोड नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारातही खुब्याचं हाड असंच मरतं; त्या रुग्णांवरच्या २००६ सालच्या अमेरिकी चाचणीत नुसता व्यायामोपचार आणि त्याच्या जोडीला भोक, यांत तीन वर्षांनी फारसा फरक दिसला नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या कितीतरी रुग्णांचे खुबे दुखतात. तिथल्या डॉक्टरांनी ही चाचणी ध्यानात ठेवायला हवी.

मुंबईने वेगळी वाट धरली. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. संजय अगरवाला यांनी ठिसूळ हाडांवरचं अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध या रोगात वापरून त्याचे निष्कर्ष छापले. ते मेलेलं हाड खाण्याचा वेग कमी करतं, म्हणजे दुरुस्तीच्या त्या धोक्याच्या काळात माथ्याला आधार. २०२१ मध्ये कोविडनंतर खुब्याचं हाड मरू लागलेल्या तीन रुग्णांची नोंदही त्यांच्याच गटाने केली. तिघांनाही स्टिरॉइड दिलेलं होतं.

तेव्हा, स्टिरॉइड घेऊन झालं असेल, दारूची सवय असेल किंवा घरात सिकलसेल असेल आणि जांघेतलं दुखणं काही आठवडे हटत नसेल, तर ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर घरी परतू नका. एमआरआय करायला हवा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.