समलिंगी विवाह: कायदा काय म्हणतो, धर्म काय म्हणतात

बिदर असो की कलबुर्गी, रजिस्टर लग्न करायचं तर सब-रजिस्ट्रार कचेरी गाठावी लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार आणायचे. भटजी, जंगम, काझी, पाद्री, कुणाचीच गरज नाही. पण याच कायद्यात पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असं लिहिलेलं आहे. त्यामुळे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया आल्या तर नोंद होत नाही.

हाच मुद्दा २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, फक्त विशेष विवाह कायद्यापुरतं ऐकू, असं घटनापीठाने सुरुवातीलाच सांगितलं होतं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. जोडप्याच्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्यावर मात्र ३ विरुद्ध २ असा नकार आला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

प्रश्न कचेरीतल्या नोंदीचा होता, तरी धर्माच्या नावाने बोलणारे मागे राहिले नाहीत. जमियत उलेमा-ए-हिंदने कोर्टात विरोध नोंदवला. निकाह हा करार असला तरी तो स्त्री-पुरुषांमधलाच, ही त्यांची भूमिका. विवाह हा संस्कार आहे, असं संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे मार्च २०२३ मध्ये म्हणाले. त्याआधी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवतांनी अशा व्यक्तींनाही जगण्याचा हक्क आहे, असं सांगताना जरासंधाच्या दोन सेनापतींचा दाखला दिला होता. व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला मुभा दिली, लग्न लावायला नाही. बौद्ध धम्मात लग्न हा धार्मिक संस्कार मानत नाहीत. बौद्धबहुल थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असे विवाह कायदेशीर आहेत. शेजारच्या हिंदुबहुल नेपाळात पहिली नोंद नोव्हेंबर २०२३ मध्येच झाली. म्हणजे एकाच धर्माच्या दोन देशांत दोन तऱ्हा!

आपल्या भागात लग्नावरून राज्य हादरल्याची आठवण जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न शरणांनी मान्य केलं आणि बिज्जळाने दोन्ही बापांना मरणाची शिक्षा दिली, असं परंपरा सांगते. तो वाद जातीचा होता, समलिंगी नात्याचा नव्हे. पण लग्न कुणाचं मान्य करायचं हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. यल्लम्माच्या जोगप्पांचं उदाहरण आणखी वेगळं. देवीच्या नावाने मान मिळतो, संसाराची गोष्ट निघाली की सगळे गप्प. २०२३ च्या निकालात मात्र ट्रान्सजेंडर व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात प्रचलित कायद्याने लग्न करता येतं, हे स्पष्ट झालं.

व्यवहारात थोडं हललं आहे. जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवलं. रेशन कार्डावर जोडीदार एकाच घरातला धरावा, अशी सूचनाही राज्यांना गेली. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे बँकेत काम पडलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मृत्युपत्र केलं नसेल तर घर, शेत रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं. मृत्युपत्र करतानाही धर्म आडवा येतोच: हिंदू, लिंगायत, बौद्ध माणूस स्वकष्टाची सगळी मिळकत जोडीदाराच्या नावे लिहू शकतो; मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही.